बंद रस्त्याचा हिशेब

व्यापारी माणसाला ‘बंद’ हा शब्द सहसा मानवत नाही. दुकान वेळेवर उघडावे, माल वाटेत न अडकता पोहोचावा, गिऱ्हाइकाला आणि मालवाहू गाडीला रस्ता मोकळा मिळावा, ही त्याची रोजची अपेक्षा असते. त्यामुळे सरकारने रस्ते बंद केल्याची बातमी आली, की त्याच्या मनात पहिली शंका उमटते ती अशी, की हे खरोखर आवश्यक होते का, आणि यात होणारे नुकसान भरून कोण देणार? ही शंका गैर म्हणता येत नाही. तथापि काही प्रसंग असे येतात, की त्या वेळी उघडा रस्ताच सर्वांत महाग पडतो. उत्तर अमेरिकेतील हिमवादळ हा तसा प्रसंग आहे. आज मराठी घरांतील कितीतरी मुले-मुली त्या थंड प्रदेशात नोकरी-व्यवसाय करीत आहेत, आणि डिसेंबर-जानेवारीत त्यांचा फोन लागला नाही तर इकडे आईवडिलांना झोप येत नाही. म्हणूनच, तीव्र हिमवादळाच्या वेळी सरकारने लोकांना वाहन चालविण्यास मनाई करावी की नाही, हा तिकडचा वाद इकडच्या घरांनाही आता परका राहिलेला नाही.

बर्फ आपल्याला चित्रातून ठाऊक असतो, आणि चित्रातला बर्फ शांत असतो. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या बफेलो शहराला त्याचे दुसरे रूप पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हिवाळ्याच्या आरंभी सरोवराचे पाणी अजून गोठलेले नसते. त्या तुलनेने उबदार पाण्यावरून अतिथंड वारे वाहू लागले, की ते बाष्प उचलतात आणि किनाऱ्यावर येताच अरुंद पट्ट्यांत प्रचंड बर्फ ओततात. शहराच्या एका भागात ऊन असावे आणि काही मैलांवर घराची दारे गाडली जावीत, असेही तेथे घडते. त्यात वारा वेगाचा असेल, तर पडणारा आणि जमिनीवरून उडणारा बर्फ मिळून समोर पांढरा पडदा उभा राहतो. चालकाला स्वतःच्या गाडीचे टोकसुद्धा दिसत नाही. अशा वेळी गाडी चालविण्याचे कौशल्य, चारही चाकांना मिळणारी ताकद, वीस वर्षांचा अनुभव यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही, कारण जे दिसतच नाही ते चुकवायचे कसे?

२०२२ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, बफेलोवर असेच वादळ कोसळले. हवामान खात्याने त्याचा इशारा काही दिवस आधीपासून दिला होता, आणि असे वादळ पिढीत एखाद्याच वेळी येते, असेही बजावले होते. २३ डिसेंबरला, शुक्रवारी सकाळी, तापमान काही तासांत गोठणबिंदूच्या खूप खाली गेले. वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेले आणि सुमारे ३७ तास डोळ्यांसमोरचे काही दिसू नये अशी स्थिती राहिली. विमानतळावर वादळाच्या काळात चार फुटांहून अधिक बर्फ मोजला गेला. ईरी आणि शेजारचा नायगारा या दोन काऊंट्यांत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, मिळून ४७ माणसे दगावली. काही जण बर्फात अडकलेल्या मोटारीत गेले, काही मोटार सोडून चालत निघाले आणि वाटेत पडले, काही घरातली ऊब बंद पडल्याने गेले, तर काहींपर्यंत रुग्णवाहिका वेळेवर पोहोचू शकली नाही. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या आणि बर्फ हटविणाऱ्या गाड्याही अडकल्या. सोडून दिलेल्या मोटारी जागोजागी उभ्या असल्याने रस्ते मोकळे करण्याचे काम कित्येक दिवस लांबले.

वाहनबंदीचा हुकूम त्या दिवशी निघाला नाही, असे नाही. ईरी काऊंटीने तो काढला, पण तो शुक्रवारी सकाळी साडेनऊपासून लागू झाला आणि लोकांना कळला तो त्याआधी तासभरही नव्हता. मालवाहू ट्रकांना राज्याच्या द्रुतगती मार्गावर सकाळी सहापासूनच मनाई होती, खाजगी मोटारींना मात्र ती साडेतीन तासांनी झाली. तोपर्यंत सकाळच्या पाळीचे लोक कामावर पोहोचले होते किंवा वाटेत होते. पुढे बफेलो शहराने न्यूयॉर्क विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून या आपत्तीचा अभ्यास करवून घेतला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालातही बंदीची घोषणा उशिरा झाल्यावर बोट ठेवलेले आहे. रात्रपाळीच्या कामगारांना घरी परतता यावे, हा विचार या विलंबामागे होता, असे काऊंटीच्या प्रमुखांनी सांगितले आणि निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेतली. तो विचार दयेचाच होता. परंतु जे परत येत होते त्यांच्यासाठी रस्ता उघडा ठेवताना, जे निघणार होते त्यांच्यासाठीही तो उघडा राहिला. विशेष म्हणजे त्याच काऊंटीने त्याच वर्षी नोव्हेंबरच्या मोठ्या बर्फवृष्टीत रात्रीच बंदी लागू केली होती. म्हणजे हे साधन हाताशी नव्हते असे नव्हे. ते उचलायचे केव्हा, हा प्रश्न होता.

हा प्रश्न बफेलोच्या एका उपनगरातील एका मराठी घरात त्या आदल्या रात्री कसा उभा राहिला, ते सांगण्यासारखे आहे. घरातील कर्ता मुलगा भारतीय किराणा मालाचे दुकान चालवितो. सांगलीच्या हळदपेठेत आयुष्य घालविलेले त्याचे वडील, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, त्या हिवाळ्यात मुलाकडे राहायला गेले होते. डिसेंबरात तेथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अण्णांचे जेवण त्याआधीच आटोपलेले असे आणि त्यानंतरची लांबलचक संध्याकाळ खिडकीपाशी बसून जाई. गुरुवारी संध्याकाळी मुलगा दुकानातून आला तो फोन हातात धरूनच. गल्ल्यावर बसणारी बाई विचारीत होती, की उद्या यायचे का? ती शहराच्या पूर्व भागात राहते, जुन्या मोटारीने येते, आणि तिला पगार मिळतो तो तासांच्या हिशेबाने.

“तू काय सांगितलेस?” अण्णांनी विचारले.

“अजून सरकारचा हुकूम नाही, अण्णा. सकाळी बघू म्हणालो.”

“ती आली नाही, तर तिला उद्याचे पैसे मिळतील?”

“तसा नियम नाही इथे. काम केले त्या तासांचेच मिळतात.”

“मग ती तुला सल्ला विचारीत नाही,” अण्णा म्हणाले. “घरी राहायची परवानगी मागते आहे. आणि तू तिला म्हणतोस, सरकारला विचार.”

मुलाला हे बोलणे लागले, पण त्याच्याजवळही उत्तर होते, आणि ते व्यापाऱ्याचे उत्तर होते. “तुम्हीच सांगा, नाताळच्या आधीचा शुक्रवार आहे. समोरचे दुकान उद्या उघडणार, हे मला ठाऊक आहे. मी एकट्याने बंद ठेवले, तर दोन दिवसांची विक्री जाईल ती जाईलच. पण उद्या तिकडे गेलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही. हुकूम निघाला असता, तर दोघांचीही दुकाने बंद राहिली असती. मग मला विचार करण्याचे कारणच उरले नसते.”

यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. कारण मुलगा म्हणत होता ते खरे होते, आणि पेठेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाला ते कोणी शिकवायची आवश्यकता नव्हती. सगळी पेठ बंद असली, तर कोणाचेच गिऱ्हाईक तुटत नाही. एकट्याचे दुकान बंद असले, की तुटते. महाराष्ट्रातील जुन्या व्यापाऱ्यांना हा अनुभव घरचाच आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने प्रत्येक दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे बंधनकारक केले होते. आज २०१७ च्या नव्या कायद्याप्रमाणे दुकान वर्षभर रोज उघडे ठेवता येते. कामगाराला मात्र साप्ताहिक सुटी द्यावी लागते. पण जुन्या बंधनाच्या काळात त्या सुटीबद्दल कुरकुर करणारा दुकानदारही मनातून जाणून होता, की हे बंधन शेजाऱ्यावरही तितकेच आहे म्हणूनच आपल्याला एक दिवस निर्धास्तपणे घरी बसता येते. स्वखुशीने बंद ठेवायचे म्हटले असते, तर पेठेतल्या एकानेही आपले दुकान आधी बंद केले नसते.

शुक्रवारी पहाटे मुलगा लवकर उठला. आकाश अजून स्वच्छ होते, वारा तेवढा वाढला होता. हुकूम आलेला नव्हता. पावणेसातला त्याने त्या बाईला फोन केला आणि सांगितले, की आज येऊ नका, आजचे पैसे मिळतील. ती मुलाला बहिणीकडे सोडण्यासाठी निघण्याच्या बेतातच होती. समोरचे दुकान साडेआठला उघडले. साडेनऊला बंदी लागू झाली आणि थोड्याच वेळात रस्ता दिसेनासा झाला. त्या दुकानातील दोन कामगार दोन रात्री तेथेच, मालाच्या खोक्यांमध्ये, अंगावरच्या कपड्यांनिशी राहिले. ते सुखरूप घरी पोहोचले, ही देवाची कृपा. इकडे मुलाचे दुकान पुढच्या आठवड्यापर्यंत उघडता आले नाही. दूध, दही, पालेभाजी टाकून द्यावी लागली. हिशेब करताना त्याने त्या बाईला पहिल्या दोन दिवसांचे पूर्ण आणि उरलेल्या दिवसांचे अर्धे पैसे दिले. ते पुरेसे होते की नाही, यावर बापलेकांत एकमत झाले नाही. “हाच हुकूम आदल्या रात्री आला असता, तर समोरची ती दोन माणसेही घरी राहिली असती,” एवढे मात्र दोघेही म्हणाले.

या घरगुती प्रसंगातून वाहनबंदीचे जे मर्म दिसते, ते या वादात फारसे बोलले जात नाही. बंदी ही बेफिकीर माणसाला आवरण्यासाठी असते, असे सामान्यतः समजले जाते. गंमत म्हणून बर्फात गाडी काढणारा एखादा असतोही. पण वादळाच्या दिवशी रस्त्यावर असलेल्यांपैकी पुष्कळांना तेथे असण्याची हौस नसते. कोणाला वरिष्ठाने बोलाविलेले असते, कोणाला एका दिवसाची मजुरी सोडणे परवडत नाही, कोणाला वाटते की आपण गेलो नाही आणि दुसरा गेला, तर आपली जागा जाईल. या माणसाला बंदी अडवीत नाही, सोडवते. ‘साहेब, येता येत नाही, सरकारची मनाई आहे,’ हे वाक्य ती त्याच्या हाती देते. दुकानदारालाही ती शेजाऱ्याच्या स्पर्धेतून एका दिवसापुरती मोकळी करते. बाजाराचे नियम इतर दिवशी कितीही उपयोगाचे असोत, अशा दिवशी ते प्रत्येकाला दुसऱ्याच्या भीतीने घराबाहेर काढतात.

बंदीला विरोध करणाऱ्यांचे पहिले म्हणणे स्वातंत्र्याचे आहे. माझी गाडी, माझा जीव, माझी जोखीम. सरकारने सल्ला द्यावा, हुकूम देऊ नये, असे ते म्हणतात. इतर ऋतूंत हे म्हणणे वजनदार आहे. बर्फात मात्र एकाची जोखीम एकट्याची राहत नाही. अडकलेली मोटार रस्त्यात भिंतीसारखी उभी राहते. तिच्यामागे दुसरी अडकते, तिच्यामागे रुग्णवाहिका, आणि बर्फ हटविणारी गाडी कोठूनच पुढे जाऊ शकत नाही. १९७८ च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्स राज्यात नेमके हेच झाले. ६ तारखेला दुपारी लोक कामावरून घरी निघाले असताना बर्फाचा जोर वाढला आणि बॉस्टनभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या मार्गावर सुमारे ३,००० मोटारी व ५०० ट्रक जागीच गाडले गेले. ऊब मिळावी म्हणून इंजिन सुरू ठेवून बसलेल्या काहींच्या गाड्यांची धूर सोडणारी नळी बर्फाने बुजली, विषारी वायू आत शिरला आणि त्यांचा बसल्या जागी अंत झाला. राज्यपाल मायकेल डुकाकिस यांनी त्यानंतर खाजगी वाहनांना मनाई केली आणि ती सुमारे आठवडाभर टिकली. रस्ते मोकळे करायचे, तर आधी ते रिकामे हवेत, हा धडा त्या राज्याने तेव्हा मोठी किंमत देऊन घेतला.

२०१३ मध्ये तो धडा त्याच राज्याच्या कामी आला. त्या वर्षी ८ फेब्रुवारीला वादळ येणार हे दिसताच राज्यपाल डेव्हल पॅट्रिक यांनी दुपारी ४ पासून वाहनबंदी लागू केली. १९७८ नंतरची ती तशी पहिलीच राज्यव्यापी बंदी होती. दंडाबरोबर तुरुंगवासाचीही तरतूद असल्याने टीका झाली, पण लोक अंधार पडण्याआधी घरी पोहोचले, रात्री रस्ते बर्फ हटविणाऱ्या गाड्यांच्या ताब्यात राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बंदी उठलीही. एक दिवसाची ती बंदी आणि १९७८ ची आठवडाभराची बंदी शेजारी शेजारी ठेवली, तर व्यापाऱ्याला लगेच कळेल की वेळेवर घातलेले बंधन थोडक्यात आटोपते आणि उशिरा घातलेले लांबते. बफेलोतही २३ डिसेंबरला लागलेली बंदी शहरात २९ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत उठविता आली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अंदाज चुकला तर? २०१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्क शहरावर दोन ते तीन फूट बर्फ पडेल असे सांगितले गेले. २६ तारखेच्या रात्री ११ पासून वाहने बंद झाली, भुयारी रेल्वे थांबली, सायकलवरून जेवण पोहोचविणाऱ्यांनासुद्धा मनाई झाली. वादळ मात्र थोडे पूर्वेकडे सरकले. लाँग आयलंडवर दोन फूट बर्फ पडला, पण शहराच्या मध्यवर्ती उद्यानात मोजला गेला तो दहा इंचांच्या आसपास. हॉटेलवाल्यांची, टॅक्सीवाल्यांची, रात्रीच्या मजुरांची कमाई बुडाली आणि अधिकाऱ्यांची थट्टा झाली. ही थट्टा निरुपद्रवी नसते. पुढच्या वेळी हुकूम काढताना अधिकाऱ्याचा हात थांबतो, आणि लोक हुकूम ऐकून न ऐकल्यासारखे करतात.

तरीही दोन्ही चुकांचे वजन सारखे नाही. न्यूयॉर्कची चूक सकाळी साडेसातच्या सुमारास बंदी उठताच दुरुस्त होऊ लागली. बुडालेली कमाई दुःखदायक होती, पण ती पुढे भरून काढता येणारी होती. बफेलोतील उशिराची भरपाई कोणत्याही खात्यातून होणार नाही. विमा उतरविणारा व्यापारी वर्षभर हप्ते भरतो आणि गोदामाला आग लागली नाही, म्हणून पैसे वाया गेले असे म्हणत नाही. वाहनबंदीकडे त्या दृष्टीने पाहिले, तर एखादी रात्र विनाकारण घरी काढणे हा हप्ताच आहे. मात्र हप्ता वाजवी असावा, ही अपेक्षाही तितकीच रास्त आहे. संपूर्ण शहर बंद करण्याऐवजी ज्या पट्ट्यात धोका आहे तेवढाच पट्टा, जितके तास धोका आहे तितकेच तास, आणि पहाटे पुन्हा फेरविचार, असे बंधन असेल तर ते लोकांना पटते.

बंदी न घालता काय होते, याचेही उदाहरण फार जुने नाही. २०२२ च्या ३ जानेवारीला व्हर्जिनिया राज्यात फ्रेडरिक्सबर्गजवळ मोठ्या आंतरराज्य मार्गावर बर्फ पडला. घसरून आडव्या झालेल्या ट्रकांनी वाट अडविली आणि पाहता पाहता शेकडो वाहने अडकली. कित्येकांना चोवीस तासांहून अधिक काळ थंडीत, अन्नपाण्यावाचून गाडीतच बसून राहावे लागले. राजधानीकडे निघालेले सिनेटर टिम केन यांनाही त्यात सत्तावीस तास काढावे लागले. त्या मार्गावर जीवितहानी झाली नाही, हे सुदैव. पण सुदैवावर विसंबून कोणी मालाची गाडी पाठवीत नाही, मग माणसे कशी पाठवावीत?

यावर काही राज्यांनी पायऱ्यांची पद्धत काढली आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ओहायो राज्यात काऊंटीचा शेरीफ तीन पातळ्या जाहीर करतो. पहिल्या पातळीत सावधगिरीने वाहन चालवावे, दुसरीत अत्यावश्यक असेल तरच बाहेर पडावे, तिसरीत रस्ते सर्वसामान्यांना बंद आणि मोडणाऱ्याला अटकही होऊ शकते. इंडियाना राज्यातही अशाच तीन पायऱ्या आहेत. यात महत्त्वाची आहे ती मधली पायरी. ओहायोत दुसरी पातळी जाहीर होते, तेव्हा कामगारांना सांगितले जाते, की कामावर यायचे की नाही ते आपल्या मालकाला विचारा. इंडियानात मधल्या पायरीवर कामावर जाणे-येणे हा आवश्यक प्रवासच मानला जातो. म्हणजे या पायरीवर निर्णय सरकार घेत नाही, तो कामगारही घेत नाही. तो घेतो दुकानदार, कारखानदार, कचेरीचा व्यवस्थापक. ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्या प्रत्येकाला त्या दिवसापुरता शासनाचा एक अंश मिळालेला असतो. तो त्याने मागितलेला नसतो, पण टाळताही येत नाही.

बंदीच्या मर्यादाही प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. रुग्णालयातील परिचारिका, वृद्धाश्रमातील सेविका, वीज पूर्ववत करणारा तंत्रज्ञ, यांना बंदीतून सूट असते, म्हणजेच बंदी त्यांचे रक्षण करीत नाही. उलट रस्त्यावर इतर कोणी नसल्याने ते अडकले, तर त्यांना पाहणाराही कोणी नसतो. अशांना वादळाआधीच कामाच्या ठिकाणी मुक्कामाची सोय करून देणे किंवा सरकारी वाहनाने नेणे-आणणे, हे बंदीच्या हुकमाबरोबरच ठरले पाहिजे. ज्याच्या घरात चार दिवसांचे धान्य नाही, औषध नाही, हीटर चालत नाही, त्याला ‘घरी राहा’ हा आदेश पुरत नाही. बफेलोत घरातच दगावलेल्यांची आठवण ठेवली, तर हे पटेल. ऊब असलेली सार्वजनिक ठिकाणे कोठे आहेत, ती कोणत्या क्षणापर्यंत गाठता येतील, हे लोकांना आधी सांगितलेले असावे. त्या वादळात एका माणसाने जवळच्या शाळेची काच फोडून आत आसरा घेतला आणि रस्त्यावर अडकलेल्या वीसहून अधिक जणांना आत आणले. त्याचे कौतुक झाले ते योग्यच. पण त्या शाळेचे दार आधीच उघडे असते, तर अधिक बरे झाले असते.

आपल्या देशात हा प्रश्न हिमालयात भेटतो. मनालीहून अटल बोगद्याकडे जाणारा रस्ता बर्फ पडताच पोलीस बंद करतात, किंवा चारही चाकांना ताकद असलेल्या अथवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. तेथे अडविल्या जाणाऱ्या पर्यटकांत महाराष्ट्रातील कुटुंबे दरवर्षी असतात, आणि हॉटेलचे पैसे भरलेले आहेत, मुलांना बर्फ पाहायचा आहे, म्हणून पोलिसांशी हुज्जत घालणारेही असतात. जम्मू-श्रीनगर महामार्ग बर्फाने वा दरडीने बंद झाला, की काश्मीरच्या सफरचंदांचे ट्रक वाटेत थांबतात आणि वाशीच्या घाऊक बाजारात आडत्यांचे फोन सुरू होतात. माल सडण्याची चिंता खरी असते. पण ट्रक पुढे ढकलण्यासाठी चालकावर जो दबाव येतो, तो फोनच्या या टोकाकडून येतो, याचेही भान ठेवलेले बरे. २०२२ च्या जानेवारीत सीमेपलीकडील मरी या थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांची गर्दी आवरली गेली नाही, आणि बर्फात अडकलेल्या मोटारींमध्ये वीसहून अधिक माणसे, त्यांत लहान मुलेही, मृत्युमुखी पडली. अडविणाऱ्या पोलिसाचा राग येतो, तेव्हा ही घटना आठवावी.

सरकारने तीव्र हिमवादळात वाहने रोखावीत का, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच होकारार्थी आहे. परंतु त्या होकाराला अटी आहेत. हुकूम आदल्या संध्याकाळी निघावा, म्हणजे सकाळच्या पाळीचा माणूस निघण्याआधी त्याला तो कळेल आणि रात्रपाळीचा माणूस कोठे थांबायचे ते ठरवू शकेल. तो केव्हा संपेल किंवा केव्हा फेरविचार होईल, ते त्यातच लिहिलेले असावे. सूट कोणाला, याची यादी स्पष्ट असावी आणि ज्यांना सूट आहे त्यांची सोय केलेली असावी. अंदाज चुकला, तर अधिकाऱ्याने तो तसाच सांगावा, आणि लोकांनीही त्याला त्याबद्दल फासावर चढवू नये. नाहीतर पुढच्या वेळी तो सकाळी साडेनऊपर्यंत वाट पाहील.

उरलेली जबाबदारी हुकमाच्या बाहेरची आहे आणि ती व्यापाऱ्याची आहे. सरकारचा निर्णय येईपर्यंतचे काही तास नेहमीच असे असतात, की आकाशाचा रंग बदललेला असतो, इशारा आलेला असतो, बंदी मात्र आलेली नसते. त्या तासांत हाताखालचा माणूस विचारतो, की उद्या यायचे का? त्या वेळी ‘बघू’ हे उत्तर त्याला घराबाहेर काढते. येऊ नका म्हणावे, आणि त्या दिवसाचे पैसे मिळतील हेही त्याच वाक्यात सांगावे. कारण पैशाचे सांगितले नाही, तर पहिल्या अर्ध्या वाक्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. समोरच्या दुकानदाराला आपणच आदल्या दिवशी फोन करून दोघांनीही बंद ठेवण्याचे ठरविता आले, तर हुकमाची वाट पाहण्याचेही कारण उरत नाही. जे वर्षभर भावावरून भांडतात, त्यांना एका रात्रीपुरते एवढे जमण्यासारखे आहे.